वाईट गेलेली मॅरेथॉन आणि मंगळवारचा चहा



बारामतीत मॅरेथॉनचा विषय निघाला की पहिलं नाव येतं लता भगवान करे यांचं. नऊवारी साडी, अनवाणी पाय, साठी ओलांडलेलं वय, आणि नवऱ्याच्या तपासण्यांना घरात पैसे नाहीत म्हणून शर्यतीत घातलेलं नाव. त्या पळाल्या आणि जिंकल्या. पुढे त्यांच्याच नावाचा मराठी सिनेमा आला, त्यात त्यांनी स्वतः काम केलं, आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. आपल्या बॅचमध्ये ही गोष्ट मी बऱ्याचदा सांगतो.

पण ती ऐकून घरी जाणाऱ्यांमध्ये जिंकणारे थोडेच असतात. माझं खेळाच्या साहित्याचं दुकान आहे. जानेवारी-फेब्रुवारीत शर्यतींचा हंगाम असतो, आणि रविवारी शर्यत झाली की सोमवारी दुकानात कोणीतरी येतंच. चालताना मांड्या अवघडलेल्या, पायरी उतरताना कठड्याला धरलेलं, आणि चेहरा पडलेला. पहिलं वाक्य ठरलेलं: "दादा, बूटच बदलून टाकतो." त्या दिवशी मी बूट विकत नाही. पुढच्या सोमवारी या म्हणतो. धंदा शिकवणारा माणूस आलेलं गिऱ्हाईक परत पाठवतो म्हणून बायको हसते. पण सोमवारी घेतलेला बूट रागाने घेतलेला असतो, आणि रागाने घेतलेली वस्तू आठवड्यात परत येते. परत आलेला वापरलेला बूट मी कुणाला विकू?

तर आज विषय हाच. महिनोन्‌महिने सराव केला, पैसे घातले, सुट्टी काढली, घरच्यांना सांगून ठेवलं, आणि शर्यत वाईट गेली. मग काय करायचं? आणि सोबतचे पळणारे नेमकी कसली मदत करू शकतात?

धंद्याच्या चॅनेलवर पळण्याचं काय काम, असं कोणी विचारेल. काम आहे. नुकसान झाल्यावर आपण दुकानदार लोक जे करतो त्यापेक्षा पळणारे लोक फार शहाणपणाचं करतात. ते आपला वाईट आकडा एकमेकांना दाखवतात. आपण तो गल्ल्यात ठेवून वरून कुलूप लावतो. सोबतच्याचा आधार मिळतो की नाही, हे बहुतेक वेळा या एका गोष्टीवर ठरतं. कसं ते सांगतो.

तीस किलोमीटरपर्यंत सगळं छान होतं

इंदापूरचा एक मित्र आहे, इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान चालवतो. पहाटे उठून पळायचा, दर रविवारी बारामतीला येऊन आमच्या ग्रुपबरोबर कालव्याच्या बाजूने लांबचं अंतर मारायचा. दोन हाफ मॅरेथॉन झाल्यावर त्याने जानेवारीत मुंबईची फुल धरली. फुल म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. (आपल्याकडे पाच किलोमीटरलाही मॅरेथॉन म्हणतात, बॅनरवर तसंच छापतात. त्याला माझी हरकत नाही. पण ज्याची ४२ किलोमीटरची फसली त्याच्यासमोर "मीपण मॅरेथॉन केलीय" म्हणू नका, एवढंच.)

त्याचं टार्गेट होतं चार तासांच्या आत. म्हणजे दर किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद. शेवटी लागले ४ तास ३७ मिनिटं. शेवटचे बारा किलोमीटर तो थोडं पळत, बरंच चालत आला. पेडर रोडचा चढ तर हात गुडघ्यांवर ठेवून चढला. मेडल गळ्यात घातलं तेव्हा त्याने ते लगेच काढून पिशवीत टाकलं. ग्रुपवर मेसेज नाही, फोटो नाही, फोन बंद.

परतीच्या प्रवासात त्याच्या डोक्यात दोन निर्णय पक्के झाले होते. एक, पळणं बंद. दुसरा जास्त गंभीर होता. बारामतीत दुसरं दुकान काढायचं त्याचं ठरत आलं होतं, गाळा बघून झाला होता, डिपॉझिटची बोलणी चालली होती. ते रद्द. "जे ठरवतो ते मला जमतच नाही," हे त्याचं त्या दिवसाचं गणित.

बघा, पळण्याचा आणि गाळ्याचा काय संबंध? काहीच नाही. पण थकलेलं डोकं संबंध जोडतं. ४२ किलोमीटरनंतर शरीरातली साखर संपलेली असते, स्नायूंमध्ये बारीक बारीक इजा झालेली असते, झोप नीट लागत नाही. आणि दुखणं त्याच दिवशी शिगेला जात नाही, ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जातं. म्हणून आमच्या ग्रुपमध्ये एक नियम आहे: शर्यतीनंतर तीन दिवस कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. पुढच्या शर्यतीचा फॉर्म भरायचा नाही आणि पळणं सोडल्याचं जाहीरही करायचं नाही. दोन्ही निर्णय तेवढेच कच्चे असतात.

पहिला दिवस: फक्त सोबत

शर्यत संपल्यावर पहिल्या दिवशी बोलण्याचा काही उपयोग नसतो. पळणाऱ्यांना हे माहीत असतं, कारण तेही त्यातून गेलेले असतात. म्हणून ते बोलत नाहीत, कामं करतात. बॅग उचलतात, कोरडा टी-शर्ट देतात, मीठ-साखरेचं पाणी हातात ठेवतात, जिना उतरताना पुढे उभे राहतात. घरचे लोक नेमकं उलटं करतात. प्रेमाने करतात, पण "काय झालं? कुठे चुकलं? मी सांगत होतो ना" हे सगळं पहिल्याच तासात.

आपल्या भागात ही पद्धत नवीन नाही. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते, ती आपण लहानपणापासून बघतो. दिंडीत एखाद्याच्या पायाला फोड आला तर शेजारचा वारकरी त्याला विचारत नाही की तुमचा वेग का कमी झाला. "माउली, बसा दोन मिनिटं" म्हणतो, तेल काढतो, पाय मांडीवर घेतो. कारण काल त्याच्या स्वतःच्या पायाला फोड होता.

इथे एक गोष्ट मात्र सोबतच्याने डोळे उघडे ठेवून बघायची. पळून आलेला माणूस गोंधळल्यासारखा बोलतोय, उलट्या थांबत नाहीत, छातीत दुखतंय किंवा लघवी काळपट-तपकिरी होतेय, तर ते "थकलाय, झोपू दे" म्हणून सोडायचं नाही. सरळ डॉक्टर. आणि अंग दुखतंय म्हणून शरीरात पाणी कमी असताना पेनकिलर घ्यायची नाही, मूत्रपिंडावर ताण येतो. नुसतं पाणी ढोसणंही वाईट. घामावाटे मीठ गेलेलं असतं, आणि भरमसाट पाण्याने रक्तातलं सोडियम आणखी खाली जातं.

मंगळवारी दोघं इंदापूरला गेले

आमच्या ग्रुपमध्ये एक निवृत्त शिक्षक आहेत, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. आणि एक ताई आहेत, दवाखान्यात नर्स. फोन लागत नाही म्हटल्यावर मंगळवारी दुपारी, गिऱ्हाईक कमी असतं त्या वेळेला, दोघं इंदापूरला त्याच्या दुकानात गेले. चहा झाला. गुरुजींनी "तू फुल पूर्ण केलीस, हेच किती मोठं" असलं काही म्हटलं नाही. ते म्हणाले, "घड्याळ आण इकडे."

त्या घड्याळात प्रत्येक किलोमीटरचा वेळ साठवलेला होता. मित्राला ते बघायचंच नव्हतं. ताईंनी वही काढून आकडे लिहायला घेतले, आणि चित्र असं निघालं.

पहिले दहा किलोमीटर त्याने ५ मिनिटं २० सेकंदाच्या वेगाने मारले होते. ठरल्यापेक्षा दर किलोमीटरला २१ सेकंद जलद. दहा किलोमीटरला साडेतीन मिनिटांची कमाई. अर्धं अंतर १ तास ५४ मिनिटांत, म्हणजे ठरल्यापेक्षा जवळजवळ सहा मिनिटं आधी. तीस किलोमीटरलाही तो जवळजवळ तीन मिनिटं पुढेच होता. आणि शेवटचे बारा किलोमीटर? तिथे एका किलोमीटरला नऊ मिनिटं. सुरुवातीला जवळजवळ सहा मिनिटं कमावली, शेवटच्या टप्प्यात चाळीस मिनिटं घालवली.

यामागचं कारण साधं आहे. शरीर पिठूळ अन्नातली साखर स्नायूंमध्ये आणि यकृतात साठवून ठेवते, आणि शर्यतीच्या वेगाने तो साठा साधारण तीस-बत्तीस किलोमीटर पुरतो. जितकं जलद पळाल तितका तो लवकर संपतो, कारण जलद पळताना शरीर चरबीपेक्षा साखर जास्त जाळतं. साठा संपला की पाय उचलत नाहीत. पळणारे त्याला "भिंत लागली" म्हणतात. वाटेत तासाला तीस ते साठ ग्रॅम साखर पोटात जायला हवी, म्हणजे एक-दोन जेल किंवा केळं-खजूर. या पठ्ठ्याने अख्ख्या शर्यतीत दोनच जेल घेतले होते, पहिला पंचविसाव्या किलोमीटरला.

मग गुरुजींनी वहीचं पान तीन भागांत आखलं. एका भागात हातातलं, दुसऱ्यात अर्धं हातातलं, तिसऱ्यात हाताबाहेरचं. सुरुवातीचा वेग आणि जेल पहिल्या भागात गेले. सरावात सगळ्यात लांब अंतर अठ्ठावीस किलोमीटर, तेही एकदाच, कारण दुकानात लग्नसराईची गर्दी होती. ते दुसऱ्या भागात. आणि मुंबईची दमट हवा तिसऱ्या. इंदापूरची जानेवारीतली पहाट कोरडी आणि थंड. तिथे घाम आला की उडतो आणि अंग गार होतं. मुंबईत घाम अंगावरून नुसता गळतो, उष्णता आतच राहते. आपल्या हवेत ठरवलेला वेग तिकडे तसाच चालत नाही.

ताई म्हणाल्या, "भाऊ, तिसऱ्या भागाचं तू तीन दिवस स्वतःला खातोयस. ते पान फाडून टाक." पण गुरुजींनी फाडू दिलं नाही. हवा बदलता येत नाही, पण पुढच्या वेळी हवा बघून वेग ठरवता येतो, म्हणून ते पान पण ठेवायचं म्हणाले. माझं मत गुरुजींच्या बाजूने.

आता विचार करा, हे काम दुसरं कोण करू शकलं असतं? घरच्यांना ५:२० आणि ५:४१ मधला फरक काय कळणार? डॉक्टरांनी गुडघा बघितला असता. यूट्यूबवरच्या कोणीतरी जोशपूर्ण भाषण दिलं असतं (माझ्यासकट!). जो त्याच रस्त्यावर, तशाच उन्हात, तशाच भिंतीला धडकलाय, त्यालाच माहीत असतं की प्रश्न कुठला विचारायचा. त्याच्या धीराच्या शब्दांत माहिती असते, आणि ती माहितीच माणसाला उभं करते. "मला जमतच नाही" या वाक्याच्या जागी "मी पहिले दहा किलोमीटर २१ सेकंदांनी जलद पळालो" हे वाक्य आलं. पहिल्या वाक्यावर काही करता येत नाही. दुसऱ्यावर उद्यापासून करता येतं.

एका दिवसाचा आकडा

गुरुजींची एक सवय आहे, ते मोठ्या खेळाडूंचे पडलेले आकडे पाठ ठेवतात. जिंकलेले सगळ्यांनाच पाठ असतात.

नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरला ब्राँझ. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत मॅरेथॉनचं सुवर्ण, वेळ २ तास ३८ मिनिटं ३८ सेकंद. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिओ ऑलिंपिक: २ तास ५९ मिनिटं २९ सेकंद, १२० वा क्रमांक. तीच धावपटू, तेच पाय, सहा महिन्यांत जवळपास २१ मिनिटांचा फरक. त्याच शर्यतीत राष्ट्रीय विक्रम नावावर असलेली ओ. पी. जैशा ८९ वी आली, २ तास ४७ मिनिटांत, आणि शेवटच्या रेषेवर कोसळल्यावर तिला दवाखान्यात न्यावं लागलं. देशातल्या सगळ्यात चांगल्या दोघी, आणि दिवस असा.

अजून मागे जा. १९२० चं अँटवर्प ऑलिंपिक. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी पळणारी खेड्यातली पोरं बघून सर दोराबजी टाटांनी पुढाकार घेतला आणि भारताचा संघ गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले, वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद, आणि ते अंतर तर आजच्यापेक्षा जास्त, ४२.७५ किलोमीटर होतं. त्याच शर्यतीत आपले दुसरे धावपटू सदाशिव दातार यांना अंतर पूर्ण करता आलं नाही. म्हणजे भारताच्या पहिल्याच ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये एक नाव निकालात आहे आणि एकापुढे "अपूर्ण". पण ऑलिंपिकच्या मॅरेथॉनला पहिल्यांदा उभे राहिलेल्या भारतीयांची नावं घेताना दोन्ही घ्यावी लागतात.

आणि किपचोगे तर तुम्हाला व्हिडिओंमुळे माहीतच आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये लंडनला तो आठवा आला. सगळ्या जगाने "संपला" म्हटलं. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच माणसाने ऑलिंपिकचं सुवर्ण घेतलं आणि २०२२ ला बर्लिनमध्ये २ तास १ मिनिट ९ सेकंदांचा विश्वविक्रम केला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने शर्यत अर्धवट सोडली. हे सगळं एकाच माणसाचं. तो पळतो कुठे? केनियातल्या काप्तागातच्या कॅम्पवर, ग्रुपमध्ये.

हे आकडे गुरुजी दिलासा म्हणून सांगत नाहीत. मोजमाप म्हणून सांगतात. एका शर्यतीचा वेळ हे त्या दिवसाचं मोजमाप आहे. एका दिवसाच्या गल्ल्यावरून तुम्ही दुकानाची किंमत काढता का?

ग्रुपमुळे दुखतंही

सगळा ग्रुप औषधच असतो असं नाही, हेही सांगितलं पाहिजे. ज्या संध्याकाळी आपली शर्यत फसलेली असते त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर बाकीच्यांचे मेडल दातात धरलेले फोटो येत असतात. कुणाचा विक्रम, कुणाचे पंधरा मिनिटं कमी. त्यांचं चुकत नाही, त्यांनी मेहनत केलीय. पण आपण त्या दिवशी ग्रुप म्यूट करावा. अभिनंदन दोन दिवसांनी दिलं तरी चालतं.

दुसरा त्रास सल्ल्याचा. पस्तीस जण पस्तीस गोष्टी सांगतात: हा बूट घे, तो जेल घे, पहाटे बीट खा. म्हणून सगळ्या ग्रुपला विचारायचं नसतं. दोन माणसं पुरतात. ती कोणती निवडायची? सगळ्यात जलद पळणारा नको. तीन तासांत पळणाऱ्याला साडेचार तासांच्या वाटेवरची गर्दी, संपलेलं पाणी, डोक्यावर चढलेलं ऊन माहीत नसतं. तोवर तो घरी जाऊन आंघोळ करून बसलेला असतो. आपल्यापेक्षा एकच पाऊल पुढे असलेला माणूस बघा, जो गेल्या वर्षी आपण आज आहोत तिथे होता. आणि दुसरा असा, ज्याला आपल्याकडून काही विकायचं नाही. (म्हणून माझ्याकडे येऊ नका, माझं बुटांचं दुकान आहे.)

दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स नावाची शर्यत होते, साधारण ९० किलोमीटर. आपल्या महाराष्ट्रातलेही बरेच जण जातात. बारा तासांची मुदत असते. मुदत संपते तेव्हा एक माणूस धावणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक झाडतो. पाठ यासाठी की कोण दोन पावलांवर आहे हे बघून त्याचा हात थांबू नये. त्या शर्यतीत वेळेचा अंदाज पक्का असलेला एक जण पुढे आणि त्याच्यामागे पन्नास-शंभर जणांचा घोळका, त्याला तिथे "बस" म्हणतात. आपल्याकडच्या मोठ्या शर्यतींतही झेंडा घेतलेला पेसर असतो, त्याच्या मागच्या घोळक्यालाही आता बसच म्हणतात. इंदापूरच्या मित्राने मुंबईत चार तासांची बस तिसऱ्या किलोमीटरलाच सोडून दिली होती, कारण ती त्याला हळू वाटली. ती बस ३९ व्या किलोमीटरच्या आसपास त्याला ओलांडून गेली असती असं तुम्हाला वाटेल. नाही, तिने त्याला ३२ लाच गाठलं.

पुढच्या रविवारी तो बारामतीला आला. पळायला नाही, कारण मॅरेथॉननंतर दहा-बारा दिवस जोराचं पळणं बंदच ठेवायचं असतं. फक्त चालायला. गुरुजी त्याच्याबरोबर सहा किलोमीटर चालले आणि बाकीचे त्यांच्या पुढून पळत गेले, येताना हात दाखवत आले. कोणी काही विचारलं नाही. गाळ्याचा निर्णय त्याने त्यानंतरच्या आठवड्यात घेतला, पण तो गाळ्याचे आकडे बघून घेतला. भाडं, समोरचं पार्किंग, बारामतीतले चार जुने बॅटरीवाले. गाळा घेतला, पण बोललेल्यापेक्षा लहान.

आता आपल्या स्टॉलवर या

हीच पद्धत धंद्यात कशी वापरायची, याचं एक उदाहरण. आपल्या बॅचमधल्या एका ताईंनी दिवाळीच्या आधी प्रदर्शनात पहिला स्टॉल लावला. ज्वारीचा चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी. चार दिवसांचं भाडं सहा हजार. पॅकेट १२० रुपयांना, पडलेली किंमत ७० रुपये. पहिल्या दिवशी गर्दी जमावी म्हणून एकावर एक मोफत. ८० पॅकेटं गेली, गल्ला ४,८०० रुपये. घरी आनंदीआनंद. प्रत्यक्षात एका पॅकेटला साठच रुपये हातात आले, म्हणजे दहा रुपयांचा खड्डा. ८०० रुपये तोटा. पुढच्या तीन दिवसांत पूर्ण किमतीला ४५ पॅकेटं गेली, त्यावर २,२५० रुपये सुटले. भाडं वजा केलं की एकूण ४,५५० रुपयांचा तोटा.

पहिल्या दहा किलोमीटरचा वेग आठवला का?

त्या ताईंनी घरी सांगितलं, "बरं झालं प्रदर्शन." शेजारच्या स्टॉलवालीलाही तेच सांगितलं. शेजारची पण म्हणाली, "माझंही छान झालं." दोघी हसल्या आणि दोघी खोटं बोलल्या. आपल्या बाजारात हे रोज चालतं. मारवाडी असो, मराठा असो, कोणाला विचारा, "काय शेठ, धंदा कसा?" उत्तर एकच, "चाललंय देवाच्या दयेने." नुकसान सांगितलं तर पत जाईल, उधारी बंद होईल, सोयरिकीत चर्चा होईल ही भीती खरी आहे, मी ती खोटी म्हणणार नाही. घाऊक व्यापाऱ्याला जाऊन तोटा सांगू नका. पण दोन माणसं अशी हवीत ज्यांच्यासमोर वही उघडता येते.

ताईंनी महिनाभराने बॅचमधल्या दोघींसमोर वही उघडली. एक पापडवाली, एक साबणवाली, दोघींनी आधी तीन-चार प्रदर्शनं केलेली. चहाला अर्धा तास. एकीने विचारलं, "ऑफर पहिल्याच दिवशी का? पहिल्या दिवशी तर लोक हौसेने येतातच. ऑफर शेवटच्या संध्याकाळी, उरलेल्या मालावर लावायची." दुसरीने विचारलं, "चव बघून निघून गेलेल्या किती?" ताईंना आठवलं, पुष्कळ. मग छोटं पॅकेट का नव्हतं, पन्नास रुपयांचं? आणि तिसरी गोष्ट त्या दोघींनाच माहीत होती: प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी बाजारात गर्दी नव्हतीच, त्यांचे स्वतःचे स्टॉलही ओस होते. ताईंनी तो दिवस आपल्या चटणीच्या चवीवर काढला होता. तो तिसऱ्या भागातला, हाताबाहेरचा दिवस होता.

तर तुमचा पहिला महिना, पहिला स्टॉल, पहिली मोठी ऑर्डर फसली असेल, तर तीन दिवस दुकान बंद करायचा किंवा कर्ज काढून मोठं करायचा विचार करू नका. मग एक पान तीन भागांत आखा. प्रत्येक ओळीत आकडा हवा, "गिऱ्हाईकच येत नाही" असलं वाक्य नको. किती आले, किती विचारून गेले, कितींनी घेतलं. आणि ते पान घेऊन त्या दोघांकडे जा. त्यांनी बोलावण्याची वाट बघू नका, सगळ्यांच्या नशिबी गुरुजी नसतात.

आणि दुसऱ्याचा चेहरा पडलेला दिसला तर मंगळवारी दुपारी जा, गर्दी नसताना. रिकाम्या हाताने गेलात तरी चालेल, पण वही-पेन असू द्या. "होईल सगळं ठीक" हे वाक्य घरी ठेवून जा.

इंदापूरचा मित्र यंदा पुन्हा फुल पळणार आहे. त्याने हाताच्या पट्टीवर पेनने लिहून घ्यायचं ठरवलंय: पहिले दहा किलोमीटर ५:५५, जेल आठव्या, सोळाव्या, चोविसाव्या आणि बत्तिसाव्या किलोमीटरला. टार्गेट विचारलं तर म्हणतो, चार तास दहा मिनिटांच्या बसमध्ये बसणार आणि तीस किलोमीटरच्या आधी उतरणार नाही. बूट जुनेच आहेत. मी विचारलं होतं, नवे दाखवू का? म्हणाला, "शर्यत झाल्यावर पुढच्या सोमवारी बघू."